तारेखालची देवी

आश्विन लागला की संत्र्याच्या फांद्या जमिनीकडं पाहू लागतात. फळ अजून हिरवंच असतं, कुठं एखाद्याच्या पोटावर पिवळा डाग पडलेला, पण वजन पुरं आलेलं असतं. मग बासाचे टेकू काढायचे. टेकू म्हणजे बांबूचा लांब बास, वरच्या टोकाला बेळकं, दोन बोटं फाकवावी तसं. त्या बेळक्यात फांदी अलगद बसवायची. घाई केली तर फांदी चरकते, आणि चरकलेल्या फांदीचा आवाज बगीचावाल्याला घरच्या माणसाच्या कण्हण्यासारखा लागतो.

यंदाही आम्ही तेच करून राहिलो होतो. पाय ओल्या मातीत, अंगाला संत्र्याच्या पानाचा वास. सगळे टेकू लागले, एक बास मी बाजूला ठेवला. दरवर्षी ठेवतो. मुलगा म्हणाला, "बाबा, या झाडाले अजून एक पाहिजे. थो बास द्या न इकडं."

"थो देवीचा हाय."

"देवीले आता काय करा लागते बास?"

पोराच्या मिशा पांढऱ्या झाल्या, तरी त्याला दरवर्षी तेच विचारायचं असते.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौसरात गल्लीतून दसऱ्याला देवी नदीवर जाते, आणि तिच्यापुढं बास घेऊन मी चालतो. विजेच्या तारा रस्त्यावर झोळ खाऊन लोंबत. देवीचा मुकुट तारेला लागू नये म्हणून ती तार बेळक्यात धरून वर उचलायची, देवी खालून जाऊ द्यायची, मग तार हळूच सोडायची. झालं काम. ऐकायला सोपं आहे. करायला उभं राहा, मग सांगा. मी शाळा चौथीपर्यंत शिकलो, तीही अर्धी गाई चारण्यात गेली. पण गावातले मास्तर, व्यापारी, बाबू सगळे माझ्या मागं चालत होते. मी उचलल्याशिवाय कोणी पुढं जात नव्हतं.

याची सुरुवात झाली तो आश्विन मला सगळ्यात जास्त आठवते. आमच्या गल्लीत खांब नुकतेच आले होते. त्याआधी कंदील. खांब आले याचा लोकांना एवढा आनंद की खांबालाही हळदकुंकू लावलं होतं. तारा किती खाली आहेत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्या वर्षी मंडळानं देवीला मोठा मुकुट केला, जिलेटीनचा, लाल-हिरवा. देवी बसली होती नत्थूच्या बंडीवर. नत्थू माझा दोस्त, शेताला लागून शेत. त्याच्या बैलांची शिंगं रंगवलेली, गळ्यात झेंडूच्या माळा. एक बैल दुसऱ्याची माळ खाऊन राहिला होता आणि नत्थू त्याला शिव्या देऊन राहिला होता, देवीला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात.

मी बगीच्यातून येत होतो, खांद्यावर टेकूचे बास. गल्लीच्या तोंडाशी पाहतो तर सगळी मिरवणूक उभी. मुकुट तारेला टेकलेला. कोणी म्हणते बंडी मागं घ्या, कोणी म्हणते मुकुट काढा. मुकुट कसा काढायचा, देवी काय पाव्हणी आहे का टोपी काढून ठेवायला? मी खांद्यावरचा एक बास ओढला आणि तार बेळक्यात धरून वर केली. नत्थू बंडीवरून ओरडला, "उचल रे किसन्या, अजून उचल! अबे, वाजवणं बंद करा रे, मले याचा आवाज येऊन नाही राहिला!"

वाजंत्री बंद झाली. ढोल थांबले.

आणि मग ते झालं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहून राहिलो. एवढी मोठी मिरवणूक एकदम चूप. बंडीच्या चाकाची करकर, बैलाच्या नाकाचा फुरफुराट, गुग्गुळाचा धूर, बस. त्या शांततेत शेजारच्या घरातून सखूबुढी बाहेर आली. तिच्या पायात जोर नव्हता, पंडालपर्यंत तिला जाता येत नव्हतं. उंबऱ्यावरून ती बसल्या-बसल्या सरकत बंडीपर्यंत आली आणि तिनं देवीची ओटी भरली. तिचं पाहून दुसऱ्या बाया आल्या. घराघरातून आल्या. खण, नारळ, तांदूळ. बांगड्यांचा आवाज येत होता, कोणी बोलत नव्हतं. मी तार धरून उभा. घाम डोळ्यात. त्या बायांत माझी बायकोही होती, त्या वर्षीच लग्न होऊन आलेली, डोक्यावर पदर. मी एवढी करंटची तार धरून उभा, आणि तिचं ध्यान सगळं देवीकडं. माझ्याकडं एकदा मान वर करून पाहिलं नाही.

शेवटची ओटी झाली तसा मी ओरडलो, "जाऊ द्या!" नत्थूनं बैल हाकले, ढोल पुन्हा सुरू झाले.

पुढच्या वर्षी कोणी काही ठरवलं नाही. तार आली तसे ढोल आपोआप थांबले, बाया ताटं घेऊन तयार. मग हर तारेखाली तेच. प्रत्येक गल्लीला एक तार, प्रत्येक तारेखाली देवी थांबली. ज्यांना चालवत नाही, ज्यांच्या मांडीवर लेकरू आहे, ज्यांना सासू घराबाहेर जाऊ देत नाही, त्या सगळ्यांच्या दारात देवी आली आणि उभी राहिली. हे कोणत्या मंडळानं केलं नाही. हे झोळ पडलेल्या तारांनी केलं, आणि थोडं माझ्या बासानं.

तो बास मी वाया जाऊ दिला नाही. चुलीच्या धुरावर धरून पक्का केला, जवसाचं तेल पाजलं. एका वर्षी दसऱ्याला पाऊस आला, बास ओला झाला आणि मला असा झटका बसला की संध्याकाळपर्यंत तोंडात लोखंडाची चव होती. तेव्हापासून बेळक्याला सायकलची ट्यूब गुंडाळली. नवरात्राच्या आधी दुसऱ्या गल्ल्यांचे मंडळवाले माझ्या घरी येत आणि दोरीनं बास मोजून नेत. मूर्ती बासापेक्षा उंच नाही करायची, मूर्तिकाराला तसंच सांगत. सौसरात देवीची उंची कोणी ठरवली म्हणून विचारा, म्हातारे लोक माझ्या घराकडं बोट दाखवतील. जे उरले आहेत ते.

आता मोजायला कोणी येत नाही. देवी ट्रॉलीवर असते, ट्रॉलीपुढं ट्रॅक्टर, ट्रॅक्टरपुढं दुसरी गाडी, तिच्यावर भिंतीएवढे डबे. त्याला डीजे म्हणतात. तो गल्लीत शिरला की कपाटातली भांडी खाली येतात आणि म्हशी दूध चोरतात. मिरवणूक हा शब्दही गेला. आता बॅनरवर 'चल समारोह' लिहिते. चल, चल, चल. सगळे चालूनच राहिले. कुठं चालले म्हणावं तर नदीवर, आणि नदी तर जागची हलत नाही.

पांढुर्णा जिल्हा झाला, आमचं सौसर त्यात आलं, तेव्हा मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मुलगा मला सव्वीस जानेवारीची परेड पाहायला गाडीवर घेऊन गेला. पोलिसांची पावलं एकसारखी पडत होती, शाळेच्या पोरी कवायत करून राहिल्या होत्या, छान होतं. मग झांक्या आल्या, सजवलेल्या गाड्या. त्यात एक संत्र्याची. संत्री थर्माकोलची, कोहळ्याएवढी, आणि त्यांच्यामध्ये शेतकरी म्हणून उभा केलेला एक पोट्टा, त्याच्या धोतराला इस्त्री! मी मुलाला म्हटलं, "एवढं मोठं फळ लागलं तर टेकू कायचा लावन हा?" मुलगा म्हणाला, "बाबा, हळू बोला." ती झांकी साहेबलोकांच्या मंचापुढं थांबली. सलामी झाली, फोटो झाले. आम्ही दोरीच्या या बाजूला. आमच्यापुढून ती अशी गेली जशी भरलेली एसटी हात दाखवल्यावरही जाते. तेव्हाच मला वाटलं, हे आता आमच्या गावात येणार.

आलंच. आधी तारा गेल्या. जिल्हा झाला, रस्ते खोदले, खांब बदलले आणि उघड्या तारांच्या जागी काळी जाड केबल आली, पार वर. चांगलं झालं, लोक म्हणाले. चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही. पण एक-एक तार वर गेली तशी एक-एक गल्ली कोरडी झाली. देवी थांबेना. बाया ताट घेऊन ट्रॉलीमागं पळायला लागल्या. मागच्या वर्षी एका बाईचा नारळ चाकाखाली गेला. त्याच्यावर पोट्टे हसले. मला हसू आलं नाही.

सगळ्या रस्त्यावर एकच तार खाली उरली. ती माझ्या घराची.

खांबावरून माझ्या घरात येणारी. लाइनमन ती बदलायला दोनदा येऊन गेला. पोरगा चांगला आहे, आमच्याच इकडचा. पहिल्यांदा मी सांगितलं, गच्चीवर वड्या वाळून राहिल्या, शिडी लावू नको. दुसऱ्यांदा सांगितलं, घरात घट बसले आहेत, नवरात्रात घराला हात लावायचा नसतो. तो म्हणाला, "आबाजी, साऱ्या रस्त्यावर तुमचीच तार खाली हाय."

"मंग एक तं राहू दे."

"असं कोठी असते का? लोक तार वर करा म्हणून माह्या मागं लागते, अन् तुमी खाली ठेवा म्हणता."

घरात बुढी, म्हणजे माझी बायको, त्याच्या बाजूची. गुडघे गेले आहेत, पण जीभ तशीच आहे. ती म्हणे, "थ्या तारेनं मिक्सर चालत नाही. पंखा तं असा फिरते जसा कोणाच्या मयतीले चालला." मी म्हणे, तुला वाऱ्याची पडली आहे, मला देवीची पडली आहे. ती म्हणे, तुम्हाला देवीची नाही, बासाची पडली आहे. मग मी बाहेर ओट्यावर येऊन बसे. बायकांना काय समजावणार?

दसऱ्याआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक असते. पूर्वी मला बोलावणं यायचं, आता येत नाही, तरी मी गेलो. दरवर्षीची खुर्ची होती, तिच्यावर बसलो. नवे साहेब होते. कागद पाहून म्हणाले, चल समारोह कहीं रुकेगा नहीं. कोणत्याच गल्लीत थांबायचं नाही, गर्दी होते.

मी उठलो. म्हटलं, "साहेब, देवी हाय, मालगाडी नाही."

लोक हसले. साहेबही हसले. म्हणाले, "बाबा, आप बैठिए."

"मी बसतोच. देवीले तं उभी राहू द्या."

कोणीतरी माझा सदरा ओढला. पिंट्या होता. नत्थूचा नातू, आता तोच मंडळाचा अध्यक्ष. नत्थू गेला, बैल गेले, बंडी मोडून चुलीत गेली. पण या पोराचं नाक नत्थूचं आहे, म्हणून मला त्याच्यावर पुरतं चिडता येत नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "आबाजी, तुमी कायले तरास करता? ट्रालीवर बसा न मस्त. फेटा बांधतो तुमाले. बास-गीस राहू द्या आता."

"मले ट्रालीवर बसवतं? मी काय थर्माकोलचा हाय?"

"तसं नाही जी. पण वरून हुकूम हाय, थांबता येत नाही."

"माह्या दारात तं थांबा लागन. माही तार हाय तिथी."

त्यालाही माहीत होतं. तार असली की हुकूम असो का काही असो, गाडी थांबते. करंटला साहेबाची भीती नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी बगीच्यात गेलो. झेंडू तोडला, आपट्याची पानं घेतली, आणि एक संत्रा शोधला, ज्याच्यावर पिवळा जरा जास्त चढला होता. दरवर्षी बुढी तो ओटीत ठेवते. बाजारात यायच्या आधी देवीला. घरी आलो, फाटकाजवळ सायकल टेकवली, वर पाहिलं.

तार नव्हती. म्हणजे होती, काळी, नवी, पार खांबाच्या डोक्यावरून ताणून गच्चीत गेलेली. तिच्यावर एक कावळा बसला होता.

घरात पंखा जोरात फिरून राहिला होता. बुढी त्याच्याखाली बसून ओटीचं ताट लावून राहिली होती. हिरवा खण, नारळ, तांदूळ. म्हणाली, "लाइनचा पोरगा आला होता. मीच म्हटलं, करून टाक. पाहा, कसा वारा लागून राहिला."

"तुले समजते का काय केलं तू?"

"काय केलं?"

"देवी थांबणार नाही आता."

ती माझ्याकडं पाहत राहिली. मग ताटाकडं पाहिलं. तिला खरंच वाटलं नव्हतं. तिला वाटत होतं, देवी आपल्या दारात थांबते ती थांबतेच, जसा दिवस निघते. तार कुठं आणि देवी कुठं. गेली कित्येक वर्षं ती पंडालमध्ये गेली नाही, गुडघ्यांनी जाऊ दिलं नाही. वर्षातून एकदा, आमच्या दारात, तेवढीच तिची भेट.

"पिंट्याले सांगा न थांबवाले," ती म्हणाली.

"त्याले हुकूम हाय."

मी आणलेला संत्रा हातात घेऊन ती पदरानं पुसून राहिली, पुसून राहिली. तिला भांडता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती भांडली नाही. पंखा फिरत होता. मला असा राग आला, लाइनमनचा, साहेबाचा, पिंट्याचा, त्या कावळ्याचा, की मी कोपऱ्यातला बास घेतला आणि बाहेर आलो.

दुपार कलली होती. डीजे दोन गल्ल्या दूर होता तेव्हाच ओट्याच्या फरश्या हलू लागल्या. मग पोट्टे आले नाचत, गुलालानं ओळखू न येणारे. मग डीजेची गाडी, मग ट्रॅक्टर, पिंट्या बोनटवर पाय सोडून बसलेला, आणि मागं देवी. उंच. माझ्या बासापेक्षा उंच, हे खरं आहे. सुंदरही होती, तेही खरं.

मी गल्लीच्या मधात गेलो. जिथं दरवर्षी उभा राहतो तिथंच. पाय रोवले, बास उभा केला, बेळकं वर, आणि उचलला. जसं उचलतो तसंच. आधी हळू, मग खांद्यातून जोर.

पिंट्याचा हात आपोआप वर गेला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. डीजेवाला परगावचा होता, त्यानं बासवाला म्हातारा पाहिला, वाटलं तार लागली, आता आपण जळतो. त्यानं खटकन मशीन बंद केली. कान एकदम रिकामे झाले. पोट्टे नाचता-नाचता थांबले आणि वर पाहू लागले. त्यांचं पाहून मागचे वर पाहू लागले. संगं आलेला शिपाई विचारू लागला, "क्या हुआ, क्या हुआ?" कोणीतरी म्हणालं, "तार है." तोही वर पाहू लागला. सारी मिरवणूक आभाळाकडं पाहून राहिली.

चूप. ट्रॅक्टरचं इंजिन तेवढं धुगधुग करत होतं, तेही ड्रायव्हरनं बंद केलं.

आणि बाया आल्या. समोरच्या घरातून, बाजूच्या घरातून, ताटं घेऊन, जशा येतात तशा. बांगड्या वाजल्या. गुग्गुळाचा धूर सरळ वर गेला.

पिंट्या खाली उतरून माझ्याजवळ आला. वर पाहिलं, खाली पाहिलं. हळूच म्हणाला, "आबाजी, तार कोठी हाय?"

"तू वर पाहू नको. थे पाह्य, बाई आली, तिचं ताट धर."

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. नत्थूचं नाक. मग तो गेला आणि त्यानं ताट धरलं. ते ताट आमच्या बुढीचं होतं.

ती काठी टेकत आली होती, एक-एक पाऊल. पिंट्यानं तिला हात दिला. तिनं खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ घातले, संत्रा ठेवला. मग हात जोडून उभी राहिली. राहिलीच. माझे हात भरून आले. या वयात रिकामा बास वर धरणं सोपं नाही. तार असली की ती बासाला थोडं तरी धरते, रिकामा बास डोलते. मी दात खाऊन म्हटलं, "आटप न बाई."

तिनं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "धरा उलीसं. आज तं वजनही नाही."

मागं कोणीतरी फस्सकन हसलं. मला घाम आला होता, राग आला होता. पण मी धरला. शेजारची नवी सून आली, तिची ओटी झाली. कोपऱ्यावरची मुकी पोरगी आली, तिनं फूल ठेवलं. शिपायाला तोवर सगळं समजलं असावं, कारण तो वर पाहायचा थांबला होता आणि टोपी काढून उभा होता.

शेवटचं ताट झालं तसा मी ओरडलो, "जाऊ द्या!"

ट्रॅक्टर सुरू झाला. पिंट्यानं डीजेवाल्याला हातानं खूण केली, अजून नको, कोपऱ्यावर गेल्यावर. देवी माझ्या बासाखालून नाही, बाजूनं गेली. तिचा मुकुट आणि नवी तार यांच्यामध्ये अजून एक देवी मावली असती. गुलालाचा लाल धुरळा उडाला, कोपऱ्यावर डीजे पुन्हा गरजला, सारं वळलं आणि गल्ली रिकामी झाली.

लोक आता हसतात. हसू द्या. तार नव्हती हे मलाही दिसत होतं, माझे डोळे अजून गेले नाहीत. ते म्हणतात, म्हाताऱ्यानं फसवलं. मी कोणाला काही म्हटलं का? मी माझ्या दारात माझा बास उचलला. थांबले ते थांबले.

पण त्या वेळी मी तसाच उभा होतो, रस्त्याच्या मधात. बुढी ओट्याला टेकून उभी होती. त्या पहिल्या आश्विनात तिचं सगळं ध्यान देवीकडं होतं. यंदा देवी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली, तरी ती माझ्याकडंच पाहून राहिली होती.

"अजी," ती म्हणाली, "खाली करा आता. हात दुखतीन."